पिकअपची कमान आणि तिच्यावरचा भार



कांद्याचा हंगाम आला, की बाजारसमितीच्या दारात पिकअप गाड्यांची रांग लागते. त्या रांगेकडे जरा निरखून पाहा. काही गाड्या सपाट उभ्या असतात. काहींचे मागचे अंग खाली बसलेले आणि नाक वर गेलेले असते. अशा बसलेल्या गाडीच्या मालकाला कोणीतरी सल्ला देतेच, "अहो, मागे दोन पाटे वाढवून घ्या. मग घाला हवा तेवढा माल!" या सल्ल्यातला पहिला अर्धा भाग कधी कधी योग्य असतो. दुसरा अर्धा मात्र कधीच नसतो. असे का, ते आपण आज समजावून घेऊ.

पिकअपच्या मागच्या चाकांवर जी कमान असते, ती म्हणजे पोलादी पट्ट्यांची एक जुडी. या पट्टीलाच मिस्त्री मंडळी 'पाटा' म्हणतात. सर्वांत लांब असतो तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांतून तो गाडीच्या चासीला धरलेला असतो. त्याच्याखाली एकाहून एक आखूड पाटे रचलेले असतात. जुडीचा मध्य चाकांच्या आसाला यू बोल्टांनी आवळलेला असतो. वाकण्याचा ताण सर्वांत जास्त मध्यावर येतो, म्हणून मध्यावर सगळे पाटे आणि टोकाला एकच, अशी ही रचना आहे. भार आला की कमान सपाट होते, म्हणजे लांबते. तिला लांबायला जागा मिळावी म्हणून मागच्या टोकाला एक झुलती कडी असते. तिला शॅकल म्हणतात.

आता कमान किती बसावी? रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली याचा नियम प्रसिद्ध केला. भार दुप्पट केला की वाक दुप्पट होतो, अर्थात मर्यादेच्या आत. हा नियम तुम्हांला आपल्या गाडीवरच पडताळून पाहता येईल. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. मग ५० किलोची १० पोती हौद्यात नेहमीसारखी रचा आणि पुन्हा मोजा. समजा, अंतर ५ सेंटिमीटरने कमी झाले. म्हणजे दर १०० किलोंना कमान १ सेंटिमीटर बसते. पोती वाढवीत जा, आकडे लिहीत जा. गुरुजींनी हे आकडे मुलांकडून आलेखाच्या कागदावर मांडून घ्यावेत. सरळ रेष येईल. पुढे एखाद्या ठिकाणी रेष वळलेली दिसली, तर खालचा जाड, सपाट पाटा तिथून कामाला लागला असे समजावे. पुष्कळ गाड्यांना असा पाटा मुळातच असतो. रिकाम्या गाडीत तो आराम करतो आणि भार वाढला की हात देतो.

पाटा वाढवल्याने काय होते? सारख्याच जाडीचे ५ पाटे असतील आणि तुम्ही तसाच सहावा घातला, तर कमान सुमारे पाचव्या हिश्श्याने ताठ होते. ११ सेंटिमीटर बसत होती, ती ९ सेंटिमीटरांच्या आसपास बसेल. इतकेच. परंतु जाडीचे गणित निराळे आहे. जाडी दुप्पट केली, तर ताठपणा आठपट होतो. ८ मिलिमीटर जाडीच्या पाट्याऐवजी १० मिलिमीटरचा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. वर्गात हे दाखवायचे असेल तर बांबूच्या दोन कांबी घ्या, एक पातळ, एक तिच्या दुप्पट जाड. टेबलाच्या कडेबाहेर सारख्याच लांबीने धरून टोकाला सारखेच वजन टांगा. पोरांना सूत्र सांगायची गरज उरणार नाही. सांगायचे तात्पर्य, "एक जाड पाटा टाकून द्या हो" असे मिस्त्रीला सहज सांगू नये.

कारण ताठ कमानीची किंमत रिकाम्या गाडीला मोजावी लागते. बाजाराला गाडी भरून जाते, पण परत येते ती बहुधा रिकामी. कमान फार ताठ असेल, तर खडबडीत रस्त्यावर मागचे चाक जमिनीवर टिकत नाही, उड्या मारते. उडालेले चाक ब्रेक लावताना पकड घेत नाही. द्राक्षे, टोमॅटो, अंडी असा हलका पण नाजूक माल असेल, तर हादरे खाऊन वाटेतच त्याचा दर उतरतो. तेव्हा ज्याची गाडी बहुतेक दिवस पूर्ण पण परवान्यातल्या भाराने चालते, त्याने एक पाटा वाढवणे ठीक. ज्याची गाडी कधी भरलेली, कधी रिकामी, त्याने भार आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा किंवा जाड रबराचे ठोकळे बसवावेत. आस आणि चासी यांच्यामध्ये बसणाऱ्या हवेच्या पिशव्याही मिळतात. भाराप्रमाणे त्यांत हवा कमीजास्त करता येते. पण फाटली की त्या बाजूचा आधार एकदम जातो आणि चासीवर भार एका ठिकाणी एकवटतो. आणि गाडी जुनी असेल, तर आधी मूळच्या कमानीची ताकद गेली आहे का, ते पाहा. पोलाद थकते. पुष्कळदा वाढीव पाट्याची नव्हे, तर कंपनीच्या मापाच्या नव्या जुडीचीच गरज असते. 'शॉकअप' बदलून मात्र गाडी वर येत नाही. शॉकअप भार उचलत नाही. कमानीचे झुलणे आवरणे एवढेच त्याचे काम.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. गाडीने किती भार वाहावा, हे एकटी कमान ठरवीत नाही. आस, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी ही सगळी मिळून ते ठरवतात, आणि त्यांतले जे सर्वांत दुबळे तीच गाडीची मर्यादा. समजा, आरसी बुकात गाडीचे एकूण वजन ३००० किलो आणि रिकामे वजन १७०० किलो लिहिले आहे. उरले १३००. त्यांतून चालक आणि सोबती यांचे १४० किलो वजा करा. राहिले ११६०, म्हणजे ५० किलोची २३ पोती. आता कोणी पाटे वाढवून २००० किलो माल भरला. गाडी सपाट दिसते. मालक खूश! परंतु टायरकडे पाहा. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे एक आकडा असतो. १०८ असेल तर त्या टायरची कमाल ताकद १००० किलो, दोन टायरांची २०००. रिकाम्या गाडीचे मागचे वजनच ७०० किलो धरा आणि मालातले १७०० मागच्या आसावर आले असे माना. झाले २४००. म्हणजे टायरांवर ४०० किलो अधिक! पूर्वी गाडी बसली की डोळ्यांना कळत होते. आता ती खूणही आपण पैसे देऊन पुसून टाकली.

ब्रेकचेही तसेच. ३००० ऐवजी ४५०० किलोची गाडी त्याच वेगाने घाट उतरू लागली, तर ती थांबवताना ब्रेकला दीडपट उष्णता पचवावी लागते. ब्रेक तर पूर्वीचेच आहेत. शिवाय एक बारीक गोष्ट पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी एक झडप असते. तिची दांडी आसाला जोडलेली असते. गाडी खाली बसली की दांडी हलते, झडप ओळखते की भार आला, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. आता पाटे वाढवून तुम्ही गाडी बसूच दिली नाही, तर झडपेला वाटते गाडी रिकामीच आहे. ती मागचा दाब कमीच ठेवते. भरल्या गाडीला जेव्हा मागच्या ब्रेकची सर्वांत जास्त गरज, नेमका तेव्हाच तो ढिला! म्हणून कमानीला हात लावला की ही झडप जाणत्या मिस्त्रीकडून पुन्हा जुळवून घेतलीच पाहिजे. मागे हौद्यात मजूर बसवून नेण्याची आपल्याकडे जी चाल आहे, ती मुळातच धोक्याची आणि बेकायदा. तशात असा ब्रेक असला म्हणजे काय होईल, ते सांगायला नको.

मग गाडी बसू देणे बरे का? तेही नव्हे. मागची बाजू पुढच्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेली आणि दोन्ही आसांतले अंतर ३ मीटर असले, तर दिव्याचा झोत ३० मीटरवर १ मीटर वर उचलला जातो, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. पुढची चाकेही हलकी होतात आणि स्टिअरिंगला वळण नीट कळत नाही. परवान्यातल्या भारानेच गाडी एवढी बसत असेल, तर कमान जरूर सुधारावी. त्याआधी माल कुठे ठेवला आहे, ते पाहावे. २०० किलो वजन मागच्या आसाच्या १२० सेंटिमीटर मागे ठेवले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरचे ८० किलो कमी होतात आणि मागच्यावर २८० चढतात. तेच वजन आसाच्या पुढे, केबिनकडे सरकवा. एक पैसा खर्च न करता गाडी वर येते.

बैलगाडीवाल्याला हे सांगायला नकोच. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात. पिकअपच्या मागे पाण्याची टाकी किंवा जनरेटरची दोन चाकी ट्रॉली जोडता, तेव्हाही हाच न्याय. ट्रॉली उलाळ असेल, तर वेगात ती शेपटीसारखी डावी-उजवी झोके घेऊ लागते आणि गाडीलाही ओढते. म्हणून ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. १००० किलोची ट्रॉली असेल, तर १०० किलो. ट्रॉलीचा दांडा हुकाच्याच उंचीवर धान्याच्या काट्यावर टेकवला की हे मोजता येते. हे १०० किलो गाडीच्या भारात धरायचे, हे विसरू नये. आणि गाडीला ट्रॉली ओढण्याची परवानगी आहे का, हे कागदपत्रांत आधी पाहावे.

कायद्याचेही दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून काम काढण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. पाटे वाढवल्याने आरसी बुकातला आकडा वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

मिस्त्रीकडे काम देताना चार गोष्टी सांभाळा. पाटे दोन्ही बाजूंना सारखेच घाला. एकाच बाजूला घातले तर गाडी कलते. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नका, की भट्टीत तापवून ठोकू नका. त्याला दिलेले पाणी उतरते आणि तो पुन्हा तुटतो. यू बोल्ट नवे घाला आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळून घ्या. ढिल्या यू बोल्टांनी जुडीच्या मधला बोल्ट तुटतो आणि आस जागेवरून सरकतो. शेवटी दिव्यांचा झोत आणि ब्रेकची झडप जुळवून घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम करा. गाडी नेहमीच्या मालासह वजनकाट्यावर न्या. आधी पुढची चाके, मग मागची चाके, मग पूर्ण गाडी, अशी तीन वजने घ्या. ती आरसी बुकाशी आणि टायरच्या आकड्याशी ताडून पाहा. आकडे मर्यादेत असतील आणि तरी गाडी बसत असेल, तर खुशाल मिस्त्रीकडे जा. आकडे मर्यादेबाहेर असतील, तर पाट्यांचे पैसे वाचवा आणि दोन खेपा करा.