फिशटँकमधली शिकारी गोगलगाय : आणण्याआधी हे वाचा



अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप असे बाण काढतो. मुलं ते पाठही करतात. मागच्या वर्षी माझ्या वर्गात ही साखळी खिडकीजवळच्या फिशटँकमध्येच सुरू झाली, आणि त्यात चूक माझी होती.

टँक साधारण ४० लिटरचा. त्यात गप्पी मासे, थोड्या पाणवनस्पती आणि 'मिस्ट्री स्नेल' जातीची एक पिवळी मोठी गोगलगाय. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं सोनी. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहतो तर काचेवर बारीक गोगलगायींचा सुळसुळाट! या कुणी मुद्दाम आणत नाही. नवीन पाणवनस्पतीच्या पानामागे जेलीसारखा अंड्यांचा गोळा चिकटलेला असतो, त्यातून त्या येतात. त्या उभयलिंगी असतात, म्हणून एखादीसुद्धा पुरते. (एक गंमत मुलांना जरूर दाखवा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. बहुतेक जातींमध्ये तोंड उजवीकडे येतं. टँकमध्ये हमखास सापडणाऱ्या फायसा जातीत ते डावीकडे असतं.)

दुकानदार म्हणाला, "मॅडम, असॅसिन स्नेल टाका, सगळ्या खाऊन टाकेल." मी चार आणल्या. 'सगळ्या' या शब्दाचा अर्थ मला महिन्याभराने कळला.

असॅसिन स्नेल ही आग्नेय आशियातली, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या भागातली. शास्त्रीय नाव अनेंटोम हेलेना. शंख निमुळता, त्यावर मधमाशीसारखे पिवळे-तपकिरी पट्टे, लांबी दोन-अडीच सेंटीमीटर. दिवसा ती वाळूत पुरून बसते, नुसती एक नळी वर काढून. या नळीने ती पाण्यातला वास घेते. भक्ष्याचा वास लागला की वाळूतून वर येते, गोगलगाय गाठते, आपली सोंड तिच्या शंखात घालते आणि आतला मऊ भाग खाते. मागे उरतो रिकामा शंख. ती वनस्पती खात नाही, शेवाळही नाही. म्हणजे काच साफ करायला ही कामाची नाही, हे आधीच सांगते.

आता मुख्य प्रश्न, हिच्यासोबत कोण राहू शकतं? चपळ मासे आरामात राहतात. माझ्या गप्पींना काहीच झालं नाही. धडधाकट चेरी श्रिंप (छोटी शोभेची कोळंबी) बहुधा निसटते, पण कात टाकलेली किंवा आजारी असली तर सापडू शकते. तळाला अंडी घालणारे मासे असतील तर अंडी गेलीच समजा. दुसरी कुठलीही गोगलगाय मात्र तिच्यासाठी जेवण आहे. नको असलेली कोण आणि आपली लाडकी कोण, हा भेद आपल्या डोक्यात असतो, तिच्या नाही. आकाराचाही भरवसा धरू नका. सोनी तिच्या दुप्पट होती. एका सोमवारी सकाळी दोघी-तिघी मिळून तिला चिकटलेल्या दिसल्या. "बाई, त्या तिला मारतायत का?" असं एका मुलीने विचारलं. मी "हो" म्हणाले. सोनीला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. काही मुलं रडली. एकाने त्या चौघींना फेकून द्या म्हटलं, दुसरा म्हणाला, "त्यांना भूक लागली होती ना!" त्या तासाला मी पुस्तक उघडलंच नाही.

उलटही घडतं बरं. लोच किंवा पफर जातीचे मासे गोगलगायी खातात, तिथे ही शिकारीणच शिकार होऊ शकते.

ठेवायचीच असेल तर तळाला बारीक वाळू हवी, टोकदार खडी नको. पाणी साधारण २२ ते २८ अंश. पाणी फार मऊ किंवा आम्लधर्मी असेल तर शंख झिजतो. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, ते गोगलगायींना विष आहे. बाटलीवरचं वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका. बारीक गोगलगायी संपल्या तरी ती उपाशी मरत नाही, तळाला पडलेलं माशांचं खाणं किंवा मेलेला मासा खाते. हिच्यात नर-मादी वेगळे असतात, पण बाहेरून ओळखता येत नाहीत. मादी चौकोनी पारदर्शक पिशवीत एकेक अंडं चिकटवते. पिल्लं कित्येक महिने वाळूतच असतात, म्हणून वाढ हळू होते.

आणि जास्त झाल्या म्हणून नदी-तळ्यात सोडू नका. पॅसिफिकमधल्या मूरिया बेटावर १९७७ मध्ये आफ्रिकन गोगलगायींच्या बंदोबस्तासाठी दुसरी एक जमिनीवरची शिकारी गोगलगाय आणली गेली. तिने तिथल्या मूळच्या पार्टुला गोगलगायी खायला सुरुवात केली, आणि दहाएक वर्षांत त्या बेटावरच्या रानातून दिसेनाशा झाल्या. ज्यांना सोडायचं नाही त्यांना दुकानात परत द्या किंवा टँक असलेल्या ओळखीच्यांना.

खरं तर माझ्या टँकमधला प्रश्न खाण्याचा होता. प्रत्येक मुलाला वाटायचं, आपण चिमूटभर टाकावं. चाळीस चिमट्या! उरलेलं सगळं गोगलगायींच्या पोटात. आता रोज दोघांचीच पाळी असते, आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं. आठवड्यातून एकदा रात्री काकडीची चकती तळाला ठेवतो, सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायी चकतीसकट काढून घेतो. हे चार आणण्याआधी केलं असतं तर त्या आणाव्याच लागल्या नसत्या.

त्या चौघी अजून वर्गात आहेत. सोनीचा शंख खिडकीत ठेवलाय. त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे नवीन मुलं आल्या आल्या बघतात.