नाका हलता हवा

थर्टी फर्स्टला किती तळीराम सापडले, याचे आकडे यंदाही छापून आले. पुढचा मोठा बंदोबस्त धुळवडीला, मग गटारीला. मधल्या रात्री पिणारे गाडीला हातच लावत नाहीत, अशी खात्याची समजूत असावी.

दर अपघातानंतर मागणी ठरलेली: दंड वाढवा. तो वाढवून झालाय. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनं दारू पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर नेला. सहा महिन्यांच्या कैदेची तरतूद तर आधीपासूनच होती. पण बारमधून उठणाऱ्याला त्या कायद्याचं कलम 185 आठवत नाही. पूल उतरल्यावर ‘मामा’ उभे आहेत का, एवढंच त्याला हवं असतं. व्हॉट्सअॅपवर ते कळतं आणि गाडी अलीकडच्या गल्लीत वळते.

या गल्लीवर उपाय राजस्थानात तपासून पाहिलेला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि तिथल्याच तेव्हाच्या आयपीएस अधिकारी नीना सिंह यांचा हा प्रयोग. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी कायम एकाच मोक्याच्या जागी लावली, काही ठिकाणी ती जागा बदलत फिरवली. फिरत्या नाकाबंदीनं रात्रीचे अपघात 17 टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. एका जागी ठाण मांडलेल्या नाकाबंदीनं म्हणावा असा काहीच फरक पडला नाही. आपण मात्र वर्षानुवर्षं त्याच चौकात त्याच बॅरिकेड्स लावतो.

त्याहून मजेशीर भाग पोलिसांचा. स्थानिक ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांपेक्षा पोलीस लाइनीतून, म्हणजे राखीव तळावरून, आणलेल्या पथकांनी काम चोख केलं. लाइनीतली नेमणूक म्हणजे तिथं शिक्षाच. नाक्यावर नीट काम केलं तर तिच्यातून सुटका होण्याची आशा होती. बदलीची ताकद आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

पुण्यात पोर्शेच्या धडकेत दोघांचा जीव गेला, त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाला जामिनाच्या अटीत सांगितलेला 300 शब्दांचा निबंध सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप अधिक अस्वस्थ करतो. माणसं मेल्यावर पुरावा किती हातांतून जातो, ते त्यात दिसलं. नाक्यावर यंत्रात फुंकून घेतलं, तर आकडा तिथल्या तिथे समोर येतो आणि गाडी तिथेच थांबते.

यासाठी नवा कायदा नको, फारसा खर्चही नाही. राजस्थानात काही पथकांच्या गाड्यांना जीपीएसही बसवलं होतं, नाकाबंदी खरोखर लागली की नुसती कागदावर, हे कळावं म्हणून. आपल्या गृहखात्यानं निदान एका जिल्ह्यात हे करून पाहावं, आणि तेही एखाद्या साध्या बुधवारी.