बोलका यंत्रमानव

दूरदर्शनवरील लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील ससा रामदास पाध्ये यांनी घडविला व बोलविला. तसे मऊ तोंड शाळेत साधणे कठीण. पुठ्ठ्याच्या खोक्याचा यंत्रमानव मात्र सहज होतो. तान्ह्या पोळ्याला नंदी सजविणाऱ्या नागपूरकडील मुलांना हे काम जड नाही. खालचा जबडा निराळा कापून आडव्या तारेवर बसवावा. दोरी ओढताच तो खाली यावा, सोडताच रबराने वर जावा. अक्षर उच्चारताना तोंड उघडावयाचे असते. मुले पुष्कळदा नेमके उलट करतात, तेवढे जपावे.

रामटेक-पारशिवनीकडे घरी गोंडी बोलणारे एखादे मूल वर्गात मौन धरते. पहिली दोरी त्याच्या हाती द्यावी, आणि बाहुल्यास प्रथम गोंडीतच बोलू द्यावे.