जुन्या मोटारसायकलीचे रंगकाम आणि चॅसिस क्रमांकाचे जतन

मद्रास येथे १९५५ साली स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडियाची बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या जावा व येझदी, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही वाहने एके काळी गावोगावी शिक्षक, ग्रामसेवक, पशुवैद्य व शेतकरी यांच्या नित्य उपयोगात होती. येझदीचे उत्पादन १९९६ साली थांबले; तरीही यांपैकी अनेक मोटारसायकली घरोघरच्या पडवीत जपून ठेवलेल्या आढळतात. त्यांचा जुना रंग काढून नवा रंग देण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ही हौस स्तुत्य असली, तरी रंगकामात एक छोटीशी जागा सांभाळली नाही, तर सुस्थितीतील वाहनही कायद्याच्या दृष्टीने ओळख हरवून बसते. ही जागा म्हणजे चॅसिस क्रमांकाचा ठसा होय.

क्रमांकाचे महत्त्व

पाटीवरील नोंदणी क्रमांक परिवहन कार्यालय देते व तो बदलू शकतो. चॅसिस क्रमांक मात्र निर्मात्याने सांगाड्याच्या लोखंडात ठोकलेला असतो आणि सांगाडा आहे तोवर तो कायम राहतो. जुन्या मोटारसायकलींत हा ठसा सर्वसामान्यतः हँडल ज्या नळीत फिरते त्या नळीवर किंवा तिच्यालगत असतो. इंजिन क्रमांक इंजिनाच्या अल्युमिनियमच्या कवचावर असतो. आजच्या वाहनांचा क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो; जुन्या वाहनांचा क्रमांक त्याहून लहान असतो व त्याचे अंक नेहमी एका रेषेत असतातच असे नाही. ठसा वाकडा दिसतो म्हणून तो 'नीट' करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ अन्वये, वाहनावरील चॅसिस अथवा इंजिन क्रमांक नोंदणीपत्रातील क्रमांकाहून भिन्न आढळल्यास, मालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन नोंदणी रद्द करता येते. नोंदणीचे नूतनीकरण, विक्री किंवा परराज्यात वाहन नेण्यासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र अशा कामी क्रमांकाची पडताळणी होते व त्याचा पेन्सिल-ठसा मागितला जातो. मालकाच्या निधनानंतर वारसाला नमुना ३१ भरून वाहन आपल्या नावे करून घ्यावे लागते. वडिलांची आठवण म्हणून मुलाने मोटारसायकल हौसेने रंगवून घेतली आणि तपासणीच्या वेळी क्रमांकाच्या जागी गुळगुळीत चकाकता रंग दिसला, तर प्रामाणिक वारसावरही संशयाची छाया पडते. चोरीच्या वाहनांचे क्रमांक घासून काढले जातात, हे त्याचे कारण.

ठसा कसा नष्ट होतो

जुन्या ठशाची खोली मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असते. सांगाडा साफ करताना फिरविलेला ग्राइंडर ती काही क्षणांत कमी करतो. वाळूच्या माऱ्याने गंज निघतो, पण अक्षरांच्या कडाही झिजतात. खड्डे बुजविण्यासाठी रंगारी लांबी भरतो व पॉलिश पेपरने घासतो. त्यात क्रमांकाच्या खाचाही बुजतात. पावडर कोटिंगचा थर साधारणतः ६० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढा असतो. आधीच झिजलेला उथळ ठसा या थराखाली दिसेनासा होण्यास वेळ लागत नाही.

ठसा मारताना खालचे लोखंडही दाबले जाते व त्याची अंतर्गत रचना बदलते. त्यामुळे वरचा ठसा घासला गेला, तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लयुक्त द्रावणाने तो पुष्कळदा पुन्हा उमटविता येतो. ही सोय तपासासाठी आहे. निष्काळजी रंगकामाची भरपाई म्हणून तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे.

घ्यावयाची दक्षता

काम सुरू करण्यापूर्वी ठशाची जागा रॉकेल लावलेल्या कापडाने पुसावी. वाहनावरील क्रमांक नोंदणीपत्राशी अक्षरशः ताडून पाहावा. त्यावर पातळ कागद घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी घासावी व असे दोन-तीन ठसे तारखेसह जपून ठेवावेत. तिरप्या प्रकाशात जवळून एक व संपूर्ण सांगाडा दिसेल असे एक छायाचित्र घ्यावे.

ठशाभोवती हाताच्या पंजाएवढ्या जागेत यंत्र लावू नये. तेथील रंग रंग-उतारू द्रावणाने मऊ करून लाकडी अथवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावा. खाचांतील मळ पितळी तारांच्या मऊ ब्रशाने, हलक्या हाताने काढावा. द्रावण हाताळताना हातमोजे वापरावेत व काम मोकळ्या हवेत करावे. उरलेल्या सांगाड्यावर मारा करावयाचा असल्यास ठसा जाड रबराच्या तुकड्याने झाकून त्यावर कापडी चिकटपट्टीचे अनेक पदर द्यावेत. कोरड्या वाळूची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने तिच्याऐवजी काचेचे बारीक मणी अथवा अन्य सुरक्षित पदार्थ वापरणाऱ्या कारखान्यास काम द्यावे.

पावडर कोटिंग सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले जाते. या उष्णतेत साधी कागदी चिकटपट्टी करपते. म्हणून ठशावर उष्णता सहन करणारी पॉलिएस्टरची पट्टी लावण्यास आधीच सांगावे. भट्टीतून आल्यावर ही जागा उघडी राहते व गंजू लागते. तेथे प्रायमरचा एक व मूळ रंगाचा एक पातळ हात कुंचल्याने द्यावा. वाळल्यावर प्रत्येक अंक डोळ्यांनी वाचता व बोटाला जाणवला पाहिजे.

इंजिनाच्या बाबतीत अधिक जपावे लागते. कॉस्टिक सोड्याने लोखंडावरील रंग निघतो, परंतु अल्युमिनियम त्यात विरघळते. म्हणून इंजिनाचे कवच त्या द्रावणात कधीही बुडवू नये आणि क्रमांकाच्या जागेवर चकाकीसाठी बफ फिरवू नये. निर्मात्याची माहितीपट्टी रिव्हेटांनी बसविलेली असल्यास ती न उपटता झाकून घ्यावी.

क्रमांक वाचता येत नसल्यास

गंजामुळे क्रमांक पूर्वीच अस्पष्ट झाला असल्यास मिस्त्रीकडून नवे अंक ठोकून घेऊ नयेत. हेतू चांगला असला, तरी ते फेरफारच ठरते. आहे त्या स्थितीत वाहन, नोंदणीपत्र व जुनी कागदपत्रे नोंदणी प्राधिकाऱ्यापुढे मांडून लेखी निर्देश घ्यावेत व त्यानंतरच रंगकाम करावे.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली 'विंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद झाली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असणे व चॅसिस, बॉडी अथवा इंजिनात मोठा बदल केलेला नसणे, ही तिची अट आहे. मूळ ठसा हा त्या मूळ स्वरूपाचा ठळक पुरावा होय.

रंग पुन्हा देता येतो, आसन नवे शिवता येते, चाकाच्या तारा बदलता येतात. कारखान्यात ठोकलेला क्रमांक मात्र एकदाच उमटतो. म्हणून सांगाडा रंगाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती जागा मालकाने स्वतः दाखवून द्यावी आणि काम परत घेताना, पैसे चुकते करण्याआधी, नोंदणीपत्र हाती धरून क्रमांक पुन्हा वाचून पाहावा.