लोणचं मुरतं, तशी वाईन मुरते

आजचा विषय आपल्या परभणीला जरा लांबचा आहे: रेड वाईन. प्या असं मी म्हणत नाहीये. ती बनते कशी आणि तिच्यामागे घराणी का असतात, एवढंच बघू.

आधी एक गंमत. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळजवळ पांढराच असतो, रंग असतो सालीत. म्हणून रेड वाईनसाठी द्राक्षं चेचून सालीसकट आंबवतात. यीस्ट साखर खातं. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या गॅसने साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर रोज खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग नीट उतरत नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी चोथा पिळायचा आणि वाईन ओकच्या पिंपात मुरत ठेवायची, अगदी आजीच्या लोणच्यासारखी. आम्ही सॉफ्टवेअरवाले चुकलो की रोलबॅक करतो. इथे वाईनची द्राक्षं वर्षातून एकदाच येतात. बिघडलं की वर्ष गेलं!

ऑस्ट्रेलियातलं हेन्श्के कुटुंब १८६८ पासून हेच करतंय. आता सहावी पिढी आहे. त्यांच्याकडे १८६० च्या दशकातल्या शिराझच्या वेली अजून फळ देतात आणि रस अजूनही सिमेंटच्या उघड्या टाक्यांत आंबतो.

आता आपल्याकडे या. नाशिकला गंगापूर धरणाच्या काठावर गुरनानी कुटुंबाने यॉर्क वायनरी काढली. योगिता, रवी, कैलाश या भावंडांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. कैलाश ॲडलेडला वाईन बनवायला शिकून आले. त्यांची 'आरोस' म्हणजे शिराझ आणि कॅबरने यांची जोडी, आणि ही जोडी ऑस्ट्रेलियाची जुनी आवड. २०२१ मध्ये मात्र यॉर्क सुलाच्या ताब्यात गेली.

त्यांनी का विकली, ते त्यांचं त्यांना माहीत. पण गणित मांडून बघा. वेल लावली की साधारण तिसऱ्या वर्षी पहिलं पीक. मग पिंपात वर्षभर, मग बाटलीत. पैसा परत यायला चार-पाच वर्षं. आपलं सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, तरी तोवर दुकानदाराची उधारी थांबत नाही.

म्हणून मला वाटतं, वाईनमधला 'वारसा' म्हणजे जुना फोटो किंवा बाटलीवरचं आडनाव नाही. एका पिढीने कळ काढायची आणि पुढचीने विकायचं नाही, हा वारसा. उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, "कापूस सोड, वाईनची द्राक्षं लाव," तर त्याला आधी एकच विचारा: पाच वर्षं घर कशावर चालवायचं?

आणि हो, गंगापूर धरण गोदावरीवरच आहे बरं का. तीच आपली गंगाखेडची गंगा. पाणी एकच आहे. थांबायची ऐपत मात्र सगळ्यांची सारखी नाही.

भेटू पुढच्या भागात!