थाई लग्नात फोटोग्राफरने बसावं कुठे?

पारंपरिक थाई लग्न बहुतेकदा सकाळी लागतं आणि मुहूर्त नवावर संपणारा निवडतात: सहा एकोणचाळीस, सात नऊ, असा. नऊ हा तिथे शुभ आकडा. विधींचा क्रम मात्र घरागणिक बदलतो. चिनी वंशाच्या घरात थोरांना चहा देण्याचा विधी असतो, ईसान भागात मनगटाला पांढरे दोरे बांधतात. म्हणून घरातल्या मोठ्या माणसाकडून आदल्या दिवशीच क्रम लिहून घ्यावा. कॅमेऱ्याचं काम त्यानंतरचं.

सुरुवात बहुधा भिक्षूंच्या पठणाने होते. ते बऱ्याचदा नऊ असतात आणि उंच आसनावर ओळीने बसतात. थाई माणसाच्या लेखी डोकं हा शरीराचा सर्वांत मानाचा भाग आणि पाय सर्वांत हीन. बूट बाहेर काढायचे, पाय भिक्षूंकडे किंवा बुद्धमूर्तीकडे करायचे नाहीत आणि भिक्षूंच्या डोक्यावरून फोटो काढायचा नाही. मूर्ती आणि भिक्षू यांच्या मधून जाणंही टाळायचं. फोटोग्राफर बाई असेल तर भिक्षूंना स्पर्श होणार नाही इतकं अंतर राखायचं. थोडक्यात, गुडघ्यांवर सरकत काम करायचं. यात फोटोचाही फायदाच आहे. खालून पाहिलं की मूर्तीपासून निघून भिक्षूंच्या हातांतून जाणारा पांढरा दोरा नजरेला आपोआप ओळीच्या टोकापर्यंत नेतो.

फ्लॅश आणि शटरचा आवाज पठण संपेपर्यंत बंद. खरी डोकेदुखी रंगाची असते. खिडकीचा उजेड, छताचे दिवे आणि भगव्या वस्त्रांवरून परतलेली नारिंगी झाक हे सगळं एकाच चेहऱ्यावर पडतं. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सवर सोडलं तर दर फोटोत वधूचा रंग बदलेल. तो हाताने एकदाच ठरवावा आणि फोटो रॉमध्ये घ्यावेत. भिक्षूंना भात वाढताना वधूवर एकच पळी दोघं मिळून धरतात. ज्याचा हात वर, त्याचं घरात चालणार, असा समज आहे. सगळं घर त्या हातांकडे बघून हसत असतं, तेव्हा आपणही तिथेच जवळून बघावं.

मग वराची मिरवणूक, खान माक. लांब ढोल, नाच, आरोळ्या, केळीची आणि उसाची रोपं, सुपारी आणि विड्याच्या पानांची तबकं. वधूच्या दारी तिच्या मैत्रिणी आणि बहिणी सोन्याच्या साखळ्या आडव्या धरतात आणि पैशांचं पाकीट हाती पडल्याशिवाय सोडत नाहीत. आपल्याकडे बहीण दार अडवते, तसंच. इथे फक्त अडवणूक वधूकडून आणि दारं एकाहून जास्त. मिरवणुकीपुढे उलटं चालत, २४ मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने, १/२५० किंवा त्याहून जलद शटरवर फोटो घ्यावेत. मागचं बघायला एक माणूस हवाच. शक्य असेल तर दुसरा फोटोग्राफर आत वधूजवळ ठेवावा. एकट्याने दोन्ही जागा सांभाळता येत नाहीत.

वराकडून आलेले पैसे आणि सोनं कापडावर मांडून मोजतात, त्यावर तांदूळ, तीळ, फुलं टाकतात. मग वधूची आई ते गाठोडं खांद्यावर घेऊन फार जड झाल्याचं नाटक करते. ते नाटक टिपावं. आकडा वाचता येईल असे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाला दाखवू नयेत.

अल्बमचा गाभा म्हणजे शंखातून पाणी घालण्याचा विधी. वधूवर शेजारी बसतात, दोघांच्या डोक्यांवर एकाच पांढऱ्या दोऱ्याची जोडलेली वेटोळी, जोडलेले हात पुढे आणि खाली फुलांनी सजवलेलं पात्र. थोरांपासून सुरुवात करून एकेक जण हातांवर शंखातलं पाणी सोडतो आणि हळूच आशीर्वाद देतो. प्रत्येकाला मिळतात जेमतेम काही सेकंद, रांग मात्र लांबलचक. पाहुणे ज्या बाजूने येतात तिच्या समोरच्या कोपऱ्यात तिरकं उभं राहावं, म्हणजे पाहुण्याचा चेहरा, शंख आणि वधूवर एका चौकटीत येतात. तिघांचे चेहरे स्पष्ट हवेत, म्हणून अॅपर्चर एफ ४ ते ५.६. पुष्कळ पाहुणे पाणी सोडताना कॅमेऱ्याकडे बघतात. तो फोटो त्यांच्यासाठी घ्यावा आणि लगेच दुसरा, नजर वधूकडे वळल्यावरचा. मला विचाराल तर दुसराच खरा. पाण्याची धार पांढऱ्या फुलांपुढे दिसतच नाही. एक पाऊल सरकून तिच्यामागे गडद कापड आणावं आणि उजेड बाजूने येऊ द्यावा, मग थेंब १/५०० वर वेगवेगळे दिसतात.

शेवटी शय्येचा विधी. सुखी संसार झालेलं एखादं वडीलधारं जोडपं आधी स्वतः पलंगावर आडवं होतं आणि मग वधूवरांना तिथे बसवून चार गोष्टी सांगतं. खोली लहान, माणसं फार. दारातूनच रुंद लेन्सने काम भागवावं. मंडळी उठली की आपणही उठावं. संध्याकाळच्या स्वागतसमारंभाआधी कार्डं रिकामी करायची असतात आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या असतात.