बंबाची आतली नळी कोण घासणार?

थंडी पडली की बंद न्हाणीघरात गुदमरून कुणी गेल्याची बातमी कुठून ना कुठून येतेच. मग आठवडाभर गॅस गिझरवर बोललं जातं, कोळशाच्या शेगडीवर बोललं जातं. बंबाचं नाव कुणी घेत नाही. कोल्हापुरात ते घ्यायला हवं, कारण शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांपासून करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गावांपर्यंत अंघोळीचं पाणी तापवणारा तांब्याचा बंब अजून पेटतो. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर एकदम ५० रुपयांनी वाढला, तेव्हा अंघोळीच्या पाण्याला गॅस कशाला जाळायचा, हा जुना हिशेब आणखी पटला. हिशेबात चूक नाही. शेणी, चिपाडं, करवंट्या, वाळक्या फांद्या इथे हाताशी असतात.

दिवाळीच्या आधी हा बंब चिंच-मीठ लावून लखलखीत घासला जातो. पण बाहेरूनच. मधली नळी, जिच्यात जाळ होतो आणि जिच्यातूनच धूर वर जातो, ती वर्षानुवर्षं तशीच राहते. पाणी तापतं ते या नळीच्या भिंतीतून. तांब्याइतका उष्णता वाहणारा धातू निवडायचा आणि त्यावर काजळीचं अस्तर चढू द्यायचं, हे जळण वाया घालवणं आहे. काजळी उष्णता अडवते. पाणी तापायला वेळ लागला की आपण आणखी जळण कोंबतो, नळी आणखी चोंदते, धूर न्हाणीत उलटतो. ओल्या जळणाने तर डांबरासारखा चिकट थर बसतो आणि तो स्वतःच पेट घेऊ शकतो. आपल्याकडे पावसाळा लांबतो, गगनबावडा-राधानगरीकडे तर फारच. तिथे आडोशाला रचलेलं, नीट वाळलेलं जळण ही बंबाची पहिली देखभाल.

काजळी अंगालाही वाईट. लंडनमधल्या धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून नळी घासताना तोंडाला फडकं हवंच, आणि नंतर हात-तोंड साबणाने धुवायचं. बंब पूर्ण थंड असताना काठीला तरट किंवा तारेचा गोल ब्रश बांधून वरून खालपर्यंत फिरवायचा. खाली विजेरी धरून वरून पाहिलं की काम किती राहिलंय ते दिसतं. रोज पेटणाऱ्या बंबाला थंडीत हे महिन्यातून एकदा तरी करावं. जाळाखालच्या जाळीची भोकं मोकळी करणं आणि राख काढणं मात्र रोजचं. जाळीखाली राख साठली की हवा कोंडते आणि जाळ धुमसत राहतो.

हे धुमसणंच खरं घातक आहे. धुराचा विषय निघाला की डॉ. आनंद कर्वे यांच्या कामाची आठवण काढायला हवी. लेखिका इरावती कर्वे यांचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ चिरंजीव. त्यांनी १९९६ मध्ये ‘आरती’ संस्था उभी केली. सुधारित चुलींवर तिने काम केलंच, शिवाय उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी बसवली. त्या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. ऊस तुटल्यावर फडात पाचट पेटवणाऱ्या आपल्या जिल्ह्याने हे काम अजून नीट मनावर घेतलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. कोळशाने धूर जवळजवळ संपतो, ही केवढी मोठी सोय! पण धूर गेला म्हणजे धोका गेला, असं होत नाही. कोणत्याही निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो.

आता बंबाचा रोजचा क्रम बघा. पेटवताना धूर होतो म्हणून दार उघडं असतं. जाळ बसतो, धूर थांबतो, निखारे उरतात, पाणी कडकडीत होतं. नेमकं तेव्हा आपण आत जाऊन कडी लावतो. वारं येतं म्हणून झरोक्यात पोतं कोंबलेलं असतं. वर पाणी लवकर निवू नये म्हणून नळीवर झाकण. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं आपण पित्तावर ढकलतो. करोनानंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला प्राणवायूने भरलेलंच भासतं, आकडा चांगला दिसतो.

बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवणं सर्वांत चांगलं. तिथून बादली आत न्यावी. न्हाणीतच ठेवायचा तर नळीवर पत्र्याचं धुराडं चढवून ते छपराबाहेर काढावं, आणि झरोका कधीही बुजवू नये.

पाण्याचंही भान हवं. नरसाळ्यातून थंड ओतल्यावर तोटीतून गरम येतं, या जुन्या रचनेमुळे बंब सहसा रिकामा होत नाही. पण रिकामा बंब पेटला तर तोटीचा डाख वितळतो. जुन्या डाखात शिसं असतं, म्हणून बंबाचं पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला घेऊ नये. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आतला क्षारांचा थर लिंबूसत्वाच्या पाण्याने सोडवावा.

राखेतला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. ती लोखंडी घमेल्यात काढून पाणी शिंपडावं. प्लास्टिकच्या बादलीत किंवा शेणींच्या ढिगाजवळ ती टाकू नये. न्हाणीत कुणी भोवळ येऊन पडलं, तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. आणि झरोक्यातलं पोतं आजच काढून टाका.